वडिलांच्या सगळ्या एफडी मोडायच्या का? - काउंटरच्या आतल्या बाजूने

तुम्ही लिहिलंय की वडिलांचा बँकांवरचा विश्वास उडालाय, सगळ्या एफडी मोडून गावच्या पतसंस्थेत ठेवायच्या म्हणतायत, आणि "शाखेतले लोक सगळं ठीक आहे म्हणतात पण त्यांना आतलं माहीत असणारच". नसतं हो. मी सहकारी बँकेत नोकरी करतो, कॅशला बसलोय, कर्जविभागातही होतो, पण शाखेत बसून आम्हाला फक्त आमच्या शाखेचं दिसतं. पीएमसीचं, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेचं घ्या ना. एचडीआयएल या एका बिल्डर ग्रुपला दिलेलं कर्ज 21,000 च्या वर बोगस खात्यांमागे लपवलेलं होतं असं तपासात आलं, जे रिझर्व्ह बँकेच्या तपासणीत वर्षानुवर्षं सापडलं नाही ते पासबुक छापून देणाऱ्या पोरीला काय कळणार? सप्टेंबर 2019 मध्ये पैसे काढण्यावर रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त 1,000 रुपये काढता येणार होते, आणि शिव्या खाल्ल्या त्या काउंटरवरच्यांनी. संचालक कुठे काउंटरवर बसतात!

पण लोकांचा राग खोटा आहे असं मी म्हणणार नाही. लॉकर मागायला आलेल्या माणसाच्या गळ्यात पॉलिसी मारायची, म्हाताऱ्या माणसाला "एफडीसारखंच आहे" सांगून युलिपवर (बाजाराशी जोडलेल्या विमा पॉलिसीवर) सही घ्यायची, हे चालतं, वरून टार्गेट येतं आणि मार्चमध्ये तर विचारू नका. तिथे बिनधास्त संशय घ्या, सही करायच्या आधी "ही ठेव आहे की विमा?" एवढंच विचारा आणि कागद घरी नेऊन वाचा.

आता पतसंस्थेचं. बँक बुडाली तर डीआयसीजीसीचा (रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा महामंडळाचा) विमा असतो, 4 फेब्रुवारी 2020 पासून एका ठेवीदाराला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून 5 लाखांपर्यंत (आधी 1 लाखच होता), शाखा कितीही असोत सगळं एकत्र मोजतात. 2021 च्या कायद्यातल्या दुरुस्तीनंतर निर्बंध आल्यावर साधारण 90 दिवसांत हे पैसे द्यायचे असतात. पतसंस्थेला हा विमा लागूच नाही! म्हणजे बँकेला घाबरून वडील जिथे निघालेत तिथे विम्याचा एक रुपया नाही. जास्तीच्या टक्क्यावर जाऊ नका, चेअरमन ओळखीचा आहे यावर तर अजिबात नको. पीएमसीतही ओळखीवरच पैसे ठेवणारे होते, आणि 2022 ला ती युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाल्यावर 5 लाखांच्या वरची रक्कम परत मिळायला 10 वर्षांपर्यंतचे हप्ते पडले.

व्हॉट्सॲपवर "अमुक बँक बंद होणार" आलं की लगेच पळायचं पण नाही, पीएमसीच्याच आठवड्यात काही व्यापारी बँका बंद होणार अशी अफवा फिरली होती, रिझर्व्ह बँकेला खुलासा करावा लागला.

मी असतो तर एफडी मुदतीआधी मोडल्या नसत्या, दंड बसतो आणि व्याजही कमी मिळतं. एकेक मॅच्युअर होईल तशी दोन-तीन बँकांत पांगवायची, प्रत्येक ठिकाणी व्याज धरून 5 लाखांच्या आत. आईबरोबर जॉइंट असेल तर ती वडिलांच्या एकट्याच्या ठेवीपासून वेगळी धरतात. आणि नॉमिनी लावलाय का ते पावतीवर बघून घ्या, निम्म्या पावत्यांवर ती जागा कोरी असते.