कोणता कायोटी मारला, हे आधी विचार

चि. बाळास अनेक आशीर्वाद.

अमेरिकेतल्या युटा राज्याच्या वन्यजीव मंडळापुढे कायोटी, म्हणजे तिकडचा कोल्ह्यासारखा प्राणी, मारण्याच्या स्पर्धांविरुद्ध बोलायचं ठरवलंस, फार बरं केलंस. अशा सुनावणीत बोलायला दोन-तीन मिनिटंच मिळतात. तेवढ्या वेळात संताप मांडून होतो आणि मुद्दा राहून जातो. म्हणून शिकार, स्पर्धा आणि मेंढरांचं रक्षण हे तीन विषय आधी वेगळे कर.

कॅलिफोर्नियाने २०१४ मध्ये बक्षिसांच्या स्पर्धा बंद केल्या. व्हरमाँटने २०१८ मध्ये, न्यू मेक्सिको आणि ॲरिझोनाने २०१९ मध्ये, कोलोरॅडोने २०२० मध्ये, ओरेगनने २०२३ मध्ये तेच केलं. यांतल्या एकाही राज्याने कायोटीची शिकार बंद केलेली नाही. सर्वांत जास्त किंवा सर्वांत वजनदार जनावरं आणणाऱ्याला बक्षीस देण्याची पद्धत तेवढी थांबली. हे पहिल्याच वाक्यात सांग, नाहीतर सभागृहातले शिकारी तुझं पुढचं ऐकणार नाहीत. त्यांच्याशी आदराने बोल. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यापासून बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांना मिळतो. हरणांचे, पक्ष्यांचे कितीतरी अधिवास त्या पैशावर राखले गेले आहेत. आपल्याकडे भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली. त्या वळणाचा युक्तिवाद तिथे जसाच्या तसा मांडलास तर परका वाटेल.

स्पर्धेचे समर्थक म्हणतील, कायोटी कमी झाले की कोकरं आणि म्यूल डिअर या तिकडच्या हरणांची पाडसं वाचतात. उत्तर द्यायचं ते इथेच. कायोटी आपल्या कोल्ह्यापेक्षा थोराड आणि लांडग्यापेक्षा लहान. नर-मादीची जोडी आपली हद्द राखते, आणि हद्द नसलेले भटके, बहुतेक तरुण, रिकामी जागा शोधत फिरतात. स्पर्धक घायाळ सशाच्या किंकाळीचं ध्वनिमुद्रण लावतात. त्या आवाजाला भुलून येतात ते मुख्यतः कोवळे, अननुभवी. कॅलिफोर्नियातल्या हॉपलंड संशोधन केंद्रात हेच दिसलं: कोकरं मारत होत्या त्या मुख्यतः कळपाच्या जागेवर हद्द असलेल्या, विणीच्या जोड्या, आणि हाती लागत होते बहुतांशी तरुण. म्हणजे चोर सुटतो आणि वाटसरू मारला जातो. कधीकधी तर मेंढरांच्या वाटेला न जाणारी जोडी मरते आणि तिच्या जागी मेंढीला चटावलेली येते.

एक चूक मात्र टाळ. ‘मारले की दुप्पट वाढतात’ हे वाक्य जिथेतिथे ऐकू येतं, तेवढं ठोकून बोलू नकोस. टेक्सासमधल्या १९७२ च्या अभ्यासात, जिथे फारशी मारणी नव्हती तिथे एका वेताला सरासरी ४.३ पिल्लं होती आणि जिथे जोरात मारणी होती तिथे ६.९. पण वेत मोठं होणं हे एकच कारण नाही. बाहेरून भटके येऊन जागा भरतात, हा हिशेब मोठा आहे. १९७५ च्या एका गणिती प्रारूपानुसार दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारले तर पन्नासहून जास्त वर्षांनी ते संपतील. हा आकडा दोन्ही बाजू वापरतात. ‘मारून संख्या कमी होतच नाही’ असं तो सांगत नाही. अमेरिकेच्या केंद्र सरकारचं वन्यजीव सेवा खातं दरवर्षी साठ हजारांच्या आसपास कायोटी मारतं, तरी हवाई सोडून प्रत्येक राज्यात ते आहेत, एवढं सांगितलंस तरी पुरे.

हरणांचा मुद्दा युटात नक्की निघेल. २०१२ च्या कायद्याने तिथे एका कायोटीमागे ५० डॉलर मिळतात. आग्नेय आयडाहोत १९९७ ते २००३ कायोटी काढून पाहिले, पण म्यूल डिअरची संख्या वाढल्याचं दिसलं नाही. तिथे कडक हिवाळ्याचा प्रभाव मोठा ठरला.

आता मेंढपाळाकडे वळू, कारण त्याचं नुकसान खरं आहे. मेलेलं कोकरू कायोटीनेच मारलं का, हे तपासायला शीक. मानेची कातडी सोलून बघ. जिवंतपणी चावा बसला असेल तर नरड्याजवळ, जबड्यामागे, कातडीखाली रक्त साकळलेलं दिसतं. मेल्यावर कुणी खाल्लं असेल तर तिथे रक्त साकळत नाही. वरच्या सुळ्यांच्या खुणांमध्ये तीन ते साडेतीन सेंटिमीटर अंतर असतं. मागच्या पायांची आणि बाजूंची ओबडधोबड फाडाफाड बहुधा मोकाट कुत्र्याची. खुरांवर मऊ पडदा शाबूत असेल तर कोकरू चाललंच नव्हतं. फुप्फुसाचा तुकडा पाण्यात बुडाला तर त्याने श्वासच घेतला नव्हता. अशी मृत जन्मलेली कोकरंही कायोटीच्या नावावर जमा होतात. रबरी हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नकोस, क्यू फीवर हा जनावरांकडून माणसाला होणारा आजार लागू शकतो.

उपाय सांगताना त्यांच्या मर्यादाही सांग. जनावराला बुजवायला कळपाभोवती दोरीला झेंडे टांगायचे तर कायोटीसाठी दोन झेंड्यांमध्ये एक फुटापेक्षा कमी अंतर हवं. लांडग्यासाठीचं दीड फुटाचं अंतर ठेवलं तर कायोटी मधून निसटतो. गवत वाढून झेंडे झाकले गेले, वाऱ्याने दोरीला गुंडाळले गेले, की उपयोग संपला. शिवाय काही आठवड्यांत जनावराला सवय होते, म्हणून कोकरं होण्याच्या दिवसांतच लाव. राखणीच्या कुत्र्याचं पिल्लू आठ आठवड्यांचं असताना मेंढ्यांत सोडावं लागतं. घरात लाडाने वाढलं तर ते माणसामागे फिरतं. दीड-दोन वर्षांचं होईपर्यंत त्याच्यावर एकट्याने भिस्त ठेवू नये. जाळीचं कुंपण साडेपाच फूट उंच हवं, आणि तळाशी बाहेरच्या बाजूला जाळी जमिनीवर अंथरलेली हवी, नाहीतर खालून उकरतात. मोठ्या चराऊ रानात हे परवडत नाही. तिथे निदान रात्री मेंढ्या कोंडाव्यात, आपले धनगर वाघुरात कोंडतात तशा.

एवढं करूनही एखादी जोडी कोकरं मारत राहिली, तर त्या जागी, त्या दिवसांत तीच जोडी काढणं मला मान्य आहे. हेही मंडळापुढे उघड सांग. जानेवारीच्या एका शनिवारी पन्नास मैलांवरून आणून स्पर्धेच्या तराजूवर टाकलेल्या ढिगात ती जोडी असेलच असं नाही. मारलेल्या प्रत्येक जनावराचं वय, जागा आणि महिना नोंदवतात का, हा प्रश्न आयोजकांना मंडळासमोर विचार.

सुनावणी उन्हाळ्यात आहे, तर मे महिन्यात एखाद्या मेंढपाळाच्या परवानगीने त्याच्या तळावर दोन रात्री राहून ये. धारदार सुरी, मोजपट्टी आणि हातमोजे बरोबर ने.

कळावे.