पुरातली गाडी: गंज कुठवर कापायचा?

प्रश्न: आमची ओम्नी २०१९ च्या पुरात बुडाली होती. ड्रायव्हरच्या पायाखालचा पत्रा सडला. गॅरेजमध्ये लांबी (पुट्टी) भरून घेतली, ती एका पावसाळ्यात सुटली. आता स्वतः शिकून पत्रा लावायचा आहे. सुरुवात कुठून करू? – एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर: दादा, लांबी सुटणारच होती. खाली गंज जिवंत ठेवला की ओल आत शिरते, गंज फुगतो आणि वरचं सगळं उचलून टाकतो.

पुराच्या गाडीत मला खरी भीती गाळाची. कृष्णेचा गाळ मॅटखाली, दाराखालच्या पोकळीत बसतो, पाणी निघायची भोकं बुजवतो आणि पत्रा ओलाच ठेवतो. म्हणून आधी सीट, मॅट काढा, भोकं तारेनं मोकळी करा, धुवा, कडक वाळू द्या. मग टोकदार स्क्रू ड्रायव्हरनं टोचत जा, रंग धड दिसतो तिथंही. टोक रुतलं, पापुद्रा निघाला, तर तो पत्रा गेला. ठण्ण वाजला की कापायची रेघ तिथं. रुपयाएवढं भोक ताटलीएवढं होतं, होऊ द्या. कुजक्या कडेला वेल्डिंग धरत नाही, नुसतं जळत जातं.

पत्रा ०.८ मिलिमीटरचा, साधा सीआर (कोल्ड रोल्ड, म्हणजे जस्त न चढवलेला थंड लाटलेला पत्रा) घ्या. जस्ताचा नको, वेल्डिंग करताना त्याचा धूर छातीत जातो. ठिगळाचे कोपरे गोल कापा. काडीचं वेल्डिंग एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पाडतं, मिगच (वायूच्या झोतात बारीक तार सोडत जाणारं वेल्डिंग) हवं. वेल्डिंगचा एक टाका इथं, दुसरा समोरच्या बाजूला, मग हात लावता येईपर्यंत थांबा. घाईनं सलग ओढलंत तर पत्र्याला लाटा येतात, त्या हातोडी आणि डॉलीनंही (पत्र्यामागे धरायचा लोखंडी ठोकळा) पुरत्या बसत नाहीत. हात बसेपर्यंत भंगारातून आणलेल्या दारावर सराव करा. तो पत्रा बिघडला तरी कुणाचं काही जात नाही.

बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. पेट्रोलची नळी कुठून जाते ते गाडीखाली झोपून बघा, ठिणग्या तिकडे जायला नकोत. पाण्याची बादली आणि एक माणूस जवळ हवा. सीटबेल्टचा बोल्ट, सस्पेंशनची जागा किंवा चासीपर्यंत गंज गेला असेल तर मात्र हात लावू नका, ते जाणत्या वेल्डरचंच काम.

टाके घासून झाले की त्याच दिवशी प्रायमर मारा, सांध्यावर सीलर भरा. खालच्या बाजूचं अंडरकोटिंग मे संपायच्या आत उरका.