वरची पट्टी कापू नकोस

दांडिया बाजार, बडोदे

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

काल ब्लॉटचा, म्हणजे जेलमध्ये वजनानुसार वेगळी केलेली प्रथिने अँटीबॉडीने पट्ट्यांच्या रूपात दाखवणाऱ्या चाचणीचा, फोटो माझ्यापुढे ठेवलास तेव्हा तुझा चेहरा पार उतरला होता. फॉस्फोलॅम्बन हे हृदयातले अवघ्या ५२ अमिनो आम्लांचे, सुमारे ६ किलोडाल्टन (रेणूच्या वजनाचे एकक) वजनाचे प्रथिन. हलकी प्रथिने जेलमध्ये खाली जातात, म्हणून त्याची पट्टी तळाशी दिसायला हवी, आणि तुझी ठळक पट्टी वर, २५ किलोडाल्टनच्या आसपास आली. अँटीबॉडी बिघडली असेल, वरचा भाग कापून फोटो प्रबंधात लाव, असे तुला कोणीतरी सांगितले. तसे मुळीच करू नकोस.

ती वरची पट्टी फॉस्फोलॅम्बनचीच आहे. पेशीतल्या पटलात या प्रथिनाचे पाच रेणू एकमेकांना इतके घट्ट धरून असतात की एसडीएस या प्रथिने सुटी करणाऱ्या साबणासारख्या रसायनानेही ते सुटत नाहीत. नमुना उकळला की सुटतात. म्हणून उकळलेला आणि न उकळलेला नमुना एकाच जेलवर शेजारी शेजारी लाव. उकळलेल्या नमुन्याच्या लेनमधली (जेलवरच्या उभ्या रांगेतली) वरची पट्टी फिकी होऊन खालची गडद झाली, तर अँटीबॉडीवर शंका घेण्याचे कारण उरत नाही. १९७५ मध्ये ताडा, किर्शबर्गर आणि कॅट्झ यांनी याच प्रथिनाचे वजन २२,००० डाल्टन नोंदवले होते. जे दिसले तेच त्यांनी लिहिले. ते पाच रेणूंचे एकत्र वजन होते, हे पुढे उलगडले.

मधुमेही उंदरांच्या हृदयात फॉस्फोलॅम्बन घटते, हा तुझा निष्कर्ष तू फक्त खालची पट्टी मोजून काढला आहेस. एक नमुना दोन मिनिटे आणि दुसरा पाच मिनिटे उकळला गेला असेल, तर तू मोजलास तो उकळण्यातला फरक, आजार नव्हे. सुटा रेणू सर्का या पंपाला धरून कॅल्शियम पेशीतल्या साठ्यात ओढण्याचा वेग रोखतो आणि ॲड्रेनॅलिनच्या इशाऱ्याने त्याच्या सोळाव्या अमिनो आम्लावर, सेरीनवर, फॉस्फेट बसला की ती पकड सैल होऊन हृदय लवकर शिथिल होते, हे तू मला घडाघडा म्हणून दाखवलेस. मग सुटे किती आणि जोडलेले किती, हा प्रश्न तुला का पडला नाही? दोन्ही लेन लाव, दोन्ही पट्ट्या मोज.

मी रागावून लिहितो आहे खरा, पण तो राग निम्मा माझ्यावरचा आहे. पस्तीस वर्षांपूर्वी मीही वरची पट्टी कापली होती. मार्गदर्शकांना घाई होती, मला नोकरी हवी होती. त्यावरून काढलेला आलेख छापून आला, आणि पुढच्या वर्षी न उकळलेला नमुना लावल्यावर त्यातला सगळा फरक नाहीसा झाला. दुरुस्ती छापावी असे मी दोनदा सुचवले. तिसऱ्यांदा सुचवले नाही, याची टोचणी अजून गेलेली नाही. त्यानंतर माझ्या हाताखाली दोन लेनशिवाय एकही जेल चालले नाही. रसायने वाया जातात, वेळ जातो, अशी कुरकुर मी ऐकली. एक हुशार मुलगा कंटाळून सोडून गेला. कदाचित मी त्याला नीट समजावायला हवे होते, पण अट सैल करायला नको होती, यावर मी आजही ठाम आहे.

तुझ्या हाताला सफाई आहे, हे मी त्या ब्लॉटवरूनच ओळखले. इतक्या स्वच्छ पट्ट्या माझ्या पहिल्या वर्षात कधी आल्या नव्हत्या. गुरुवारी सकाळी घरी ये. दोन्ही लेनचा ब्लॉट वरपासून खालपर्यंत अखंड आण, आणि कोणता नमुना किती मिनिटे उकळला ते वहीत लिहून आण.

तुझा,
काका