घरी इंटरनेटचं किती एमबीपीएसचं (म्हणजे किती वेगाचं) कनेक्शन घ्यावं?

300 चा प्लॅन लगेच घेऊ नका, दादा. घरात माणसं किती ते सोडा. रात्री नऊला एकाच वेळी काय काय चालू असतं ते मोजा. एचडी पिक्चरला साधारण 5 एमबीपीएस, फोर-केला 15 ते 25, व्हिडिओ कॉलला 3-4. बेरीज करा, वर थोडी मोकळीक ठेवा. अशा हिशेबानं चौघांच्या घराला सहसा 100 भरपूर.

नवखे इथं फसतात:
- 100 एमबीपीएस म्हणजे सेकंदाला 100 एमबी नव्हे. एमबीपीएस मोजतं बिटमध्ये, एमबी बाइटमध्ये, आणि 8 बिटांचा एक बाइट. म्हणून 8 नं भागा; जेमतेम साडेबारा एमबी.
- अपलोडचा, म्हणजे आपल्याकडून बाहेर पाठवायचा वेग कुणी विचारतच नाही. चादरीच्या कारखान्यातल्या कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग क्लाउडवर टाकायचं असेल, तर आधी तेच विचारा.

आणि जुन्या वाड्यात दगडी भिंतीआड वायफाय मरतं, तिथं प्लॅन वाढवून काही होत नाही. राउटर मधल्या खोलीत आणा, नाहीतर सरळ वायर ओढा.