वाचकाची सायकल कुठली, ते आधी बघ

प्रिय मित्रा,

तुझ्या सायकल मासिकाची कच्ची अनुक्रमणिका मिळाली. 64 पानं, त्यातली 14 नव्या मॉडेलांना, 8 परदेशी शर्यतींना, 6 मुलाखतीला आणि दुरुस्तीला शेवटची 2. अंक देखणा होईल. पण आज तो घेणारा पुढच्या महिन्यात पुन्हा का घेईल, हे काही या यादीवरून कळत नाही.

शर्यतींची 8 पानं आधी काढून टाक. निकाल वाचकाने त्याच रात्री फोनवर पाहिलेला असतो. तुझा अंक तीन आठवड्यांनी येणार. शर्यत आणि छापील कागद यांचं नातं जुनं आहे खरं. 1903 साली 'लोतो' या फ्रेंच क्रीडा दैनिकाने खप वाढवण्यासाठीच टूर द फ्रान्स सुरू केली. त्या दैनिकाचा कागद पिवळा, आणि 1919 पासून आघाडीवीराची जर्सीही पिवळी. पण त्याच देशात सेंत-एतियेनचा पॉल द विव्ही 1887 साली सुरू केलेल्या आपल्या मासिकातून साध्या, भटक्या सायकलवाल्यांसाठी लिहीत होता आणि चढाला एकापेक्षा जास्त गिअर हवेतच, हे स्वतः चालवून पाहून मांडत होता. 'लोतो'चे संपादक आंरी देग्रांज यांना ते पटत नव्हतं. चेन एका दातेरी चाकावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या डिरेलरला टूरमध्ये परवानगी मिळायला 1937 साल उजाडलं. खप दैनिकाचाच मोठा होता. घाट चढणाऱ्याच्या उपयोगी मात्र दुसरा कागद पडला. तुला मासिक काढायचंय, दैनिक नव्हे, तेव्हा गुरू कोणाला करायचं ते ठरव.

सायकलवाल्याला मासिकाकडून हवा असतो त्याच्या सायकलला लागू पडणारा आकडा, आणि तो कुठल्या परिस्थितीत मोजला याची माहिती. कौतुक त्याला दुकानात फुकट मिळतं.

टायरचंच बघ. 'छब्बीस इंची टायर' एवढंच छापलंस तर वाचक ते नाव घेऊन दुकानात जाईल आणि चुकीचा टायर घेऊन येईल. 26 × 1⅜ लिहिलेला टायर ज्या रिमवर बसतो तिचा टायर बसण्याच्या जागचा व्यास 590 मिलिमीटर. 26 × 1½ चा 584. जुन्या माउंटन बाइकचा 26 × 1.95 असतो, त्याचा 559. तिन्ही 'छब्बीस'च, आणि एकाचा टायर दुसऱ्याला होत नाही. आपल्या काळ्या रोडस्टरचा 28 × 1½ म्हणजे 635. हायब्रिड आणि रोड बाइकचा 700 सी म्हणजे 622, आणि 29 इंची म्हणवणारी माउंटन बाइकही 622 च. 622 चा टायर 635 च्या रिमवर चढतच नाही. उलटं केलं तर टायर सैल बसतो, हवा भरली की कडेने निसटतो आणि ट्यूब फुटते. म्हणून टायरच्या अंगावर बारीक अक्षरात छापलेली जोडी, उदाहरणार्थ 28-622, तीच छापायची: पहिला आकडा रुंदी, दुसरा व्यास. पहिल्या अंकात या आकड्यांचं अर्ध्या पानाचं कोष्टक दे. ते फाडून दुकानाच्या भिंतीवर लागलं तर समज अंक चालला.

आता परीक्षणं. 14 पानांत बारा मॉडेलं बसवण्यापेक्षा दोनच घे आणि नीट मोज. वजन लटकत्या काट्यावर स्वतः कर आणि पॅडलसह की पॅडलविना ते लिही. कंपन्या बहुधा पॅडलविना सांगतात, आणि तेही एखाद्या लहान-मध्यम मापाचं. फ्रेमचं माप कुठलं, चालवणाऱ्याची उंची किती आणि पायाची आतली लांबी किती, हे चौकटीत असलंच पाहिजे. आतली लांबी गुणिले 0.883 हे सीटच्या उंचीचं जुनं गणित (क्रँक ज्यावर फिरतो त्या ॲक्सलच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत) सुरुवातीला पुरतं. 80 सेंटिमीटरला 70.6 येतात. मग 'सायकल आरामशीर वाटली' या वाक्याला काही अर्थ उरतो, कारण वाचकाला स्वतःचं शरीर शेजारी ठेवून बघता येतं.

गिअरचं तर आपल्याकडे कोणी धड लिहीतच नाही. '16 स्पीड' हा आकडा जाहिरातीचा आहे. घाटात लागतो तो सगळ्यात हलका गिअर, आणि तो मीटरमध्ये सांगता येतो: पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले चाकाचा घेर. पुढे 34, मागे 32 आणि 28-622 चा टायर, म्हणजे घेर सुमारे 2.14 मीटर, तर पॅडलच्या एका फेऱ्याला सायकल 2.27 मीटर पुढे जाते. मिनिटाला 60 फेरे मारले तर ताशी 8.2 किलोमीटर. सहा टक्के चढावर, माणूस आणि सायकल मिळून 81 किलो धरलं, तर नुसतं चढायलाच सुमारे 110 वॅट लागतात. नियमित चालवणाऱ्याला ते जमतं. हेच गणित रोडस्टरला लाव: पुढे 44, मागे 18, एका फेऱ्याला जवळजवळ साडेपाच मीटर. फेरे 50 वर उतरवले तरी वेग ताशी 16 च्या वर राहतो आणि सायकलचं जास्तीचं वजन धरून 240 वॅटपर्यंत जावं लागतं. दूधवाला घाटात उतरून सायकल ढकलतो तो आळशी म्हणून नव्हे. हा परिच्छेद वाचलेला माणूस पुन्हा कधी 'किती स्पीड' विचारणार नाही.

परीक्षणात आणखी दोन गोष्टी हव्यातच. एक, डिरेलरचा हँगर. मागचा डिरेलर ज्या छोट्या ॲल्युमिनिअमच्या तुकड्यावर टांगलेला असतो तो मुद्दाम मऊ केलेला असतो, सायकल उजवीकडे पडली की फ्रेमऐवजी तो वाकावा म्हणून. प्रत्येक फ्रेमचा आकार वेगळा. तो सुटा भाग मिळतो का, किती दिवसांत आणि कितीला, हे दुकानात फोन करून विचार आणि छाप. तीस-चाळीस हजारांची सायकल या तुकड्यापायी महिनाभर भिंतीला टेकून राहते. दुसरी, हायड्रॉलिक ब्रेकचं तेल. शिमानो कंपनीच्या ब्रेकना मिनरल ऑइल, स्रॅम कंपनीच्या बऱ्याच ब्रेकना डॉट नावाचं वेगळं द्रव. एकाचं दुसऱ्यात घातलं की आतली रबरी सीलं फुगतात किंवा खराब होतात आणि ब्रेक दगा देतो. लिव्हरवर किंवा तेलाच्या झाकणावर कुठलं ते लिहिलेलं असतं. फोटो छापायचाच तर त्या झाकणाचा छाप, रंगीत फ्रेमचा नको.

आणि हो, परीक्षणाची सायकल कंपनीने दिली, दुकानातून उसनी आणली की विकत घेतली, हे पहिल्या ओळीत लिही. जाहिरात देणाऱ्याची सायकल असेल तर तेही. वाचक भोळा नसतो. लपवलं की त्याला वास येतो.

दुरुस्तीला किमान 12 पानं हवीत, आणि त्यांत 'कसं' इतकंच 'का' हवं. पंक्चर काढता येत नाही असं सहसा कोणी म्हणत नाही, तरी घरी लावलेले पुष्कळ पॅच सुटतात. कारण बहुधा एकच: सोल्यूशन ओलं असतानाच पॅच दाबतात. भोकाभोवतीची जागा काचकागदाने खरवडायची, ट्यूबवरची शिवणीची रेघ पूर्ण सपाट करायची, पॅचपेक्षा मोठ्या जागेवर पातळ थर द्यायचा आणि चकाकी जाईपर्यंत चार-पाच मिनिटं थांबायचं. मगच पॅच, मध्यातून कडेकडे दाबत. वरचा पातळ कागद ओढून काढायच्या फंदात पडायचं नाही, कड उचलली जाते.

पण खरा मजकूर त्याआधीचा. ट्यूब काढताना ती टायरमध्ये कशी बसली होती हे लक्षात राहायला टायरवरचं नाव नेहमी वॉल्व्हसमोर आणून बसवायचं. मग ट्यूबवर भोक सापडलं की टायरवर ती जागा नेमकी दाखवता येते, आणि बाभळीच्या काट्याचं तुटलेलं टोक तिथेच मिळतं. न शोधता नवी ट्यूब घातली तर पाच किलोमीटरवर पुन्हा तेच. भोक बाहेरच्या बाजूला असेल तर काटा किंवा काच. रिमच्या बाजूला असेल तर रिमटेप सरकली आहे किंवा आऱ्याचं टोक वर आलंय. शेजारी-शेजारी दोन भोकं असतील तर हवा कमी होती आणि खड्ड्यात ट्यूब रिमवर चिमटली गेली. एवढं पान वाचून माणूस स्वतः निदान करू लागतो.

चेनचंही तसंच सांग. पिना आणि त्यांच्याभोवतीची भोकं झिजतात, त्याने लांबी वाढते. स्टीलची पट्टी घेऊन पिनेच्या मध्यापासून मोजलं तर नव्या चेनच्या बारा पूर्ण जोड्या (आतली आणि बाहेरची कडी मिळून एक) बरोबर 12 इंच भरतात. 1/16 इंच जास्त भरले म्हणजे झीज साधारण अर्धा टक्का. 11 आणि 12 स्पीडला इथेच चेन बदलायची. 8 ते 10 स्पीड पाऊण टक्क्यापर्यंत ओढता येते. 1/8 इंच जास्त भरले की मागची कॅसेट, म्हणजे दातेरी चाकांचा संचही गेला असं धर, कारण झिजलेल्या चेनने दात्यांना आपल्या वाढलेल्या मापाने खाल्लेलं असतं आणि नवी चेन त्यावरून जोर लावताच घसरते. चाकाचा आउट (डगमग) काढणं मात्र लेखातून शिकवू नकोस. दोन पानांत बसत नाही आणि अर्धवट शिकलेला माणूस आरे तोडून ठेवतो.

रोडस्टरवाल्याला विसरू नकोस. वॉलट्यूबचं रबर कधी बदलायचं, ओव्हरहॉलिंगमध्ये हबचे छर्रे नि कोन कसे तपासायचे, पावसाळ्यात ब्रेकच्या रबरात अडकलेली वाळू रिम कशी खाते, यावर त्याच्यासाठी मराठीत कोणी लिहीत नाही.

मार्गांच्या लेखात निसर्गवर्णन चार ओळींत आटप. कोकणचा रेवस ते रेड्डी किनारा घेतलास तर पहिली चूक टाळ: रस्ता समुद्राकाठचा म्हणून सपाट नाही. प्रत्येक खाडीला रस्ता पाण्यापर्यंत उतरतो आणि पलीकडे पुन्हा सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर चढतो. त्यामुळे दिवसाचा एकूण चढ सांग, सर्वोच्च बिंदू नव्हे. आणि तो कुठल्या यंत्रावर मोजला तेही, कारण हवेच्या दाबावर चालणारं यंत्र आणि नकाशावरून हिशोब करणारं ॲप यांचे आकडे जुळत नाहीत. घाटाची सरासरीही फसवी असते. 4 किलोमीटरला 200 मीटर म्हणजे पाच टक्के, पण मधला एक किलोमीटर सपाट असेल तर उरलेला जवळजवळ पावणेसात. किलोमीटरवार आकडे दे. वेश्वी–बागमांडला, दाभोळ–धोपावे, तवसाळ–जयगड इथल्या जेट्टींची पहिली आणि शेवटची फेरी छाप, आणि ती कुठल्या तारखेला विचारून घेतली ते शेजारी. शेवटची बोट चुकली तर खाडीला वळसा घालण्यात दुसरा दिवस जातो. शिवाय शेवटचं सायकलचं दुकान कुठे, सावली कुठे नाही, ट्रकांची वेळ कुठली.

ब्रेव्हेवाल्यांसाठी, म्हणजे ठरल्या वेळेत लांब पल्ला पुरा करणाऱ्यांसाठी, अर्धं पान पुरे. 200 किलोमीटरला साडेतेरा तास, 300 ला 20, 400 ला 27, 600 ला 40, हे त्यांना पाठ असतं. त्यांना थांब्यांचा हिशोब हवा असतो: 200 मध्ये दीड तास थांबण्यात गेला तर चालता वेग ताशी 14.8 वरून 16.7 करावा लागतो.

मुलाखत ठेव, पण प्रश्न बदल. नाशिकच्या महाजन बंधूंनी 2015 मध्ये दोघांच्या संघात रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सायकलने पार करण्याची शर्यत, पुरी केली. 2017 मध्ये श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पार केली. अशा माणसाला 'प्रेरणा कुठून मिळाली' हे शंभरांनी विचारलेलं असतं. तू विचार, तिसऱ्या दिवशी काय खाववेना, टायरमध्ये हवा किती, झोप कधी आणि किती मिनिटं, बूड सोललं तेव्हा काय लावलं.

मध्ये पिना मारून बांधणार असशील तर पानं चारच्या पटीत वाढव-कमी कर. पावसाळ्याचा मजकूर मेअखेर लोकांच्या हातात हवा, म्हणजे मडगार्ड आणि चेनच्या तेलाच्या चाचण्या उन्हाळ्यात पाण्याची नळी मारून उरकाव्या लागतील. तसं केलंय हे लेखात लिही. मार्गांचा मोठा लेख दिवाळी अंकात, कारण फिरायचा हंगाम तिथूनच सुरू होतो.

टायरचं कोष्टक आधी पाठव. आकडे कॅटलॉगवरून नको, टायर हातात घेऊन उतरवलेले हवेत.