नवजात बाळाला सेप्सिस झाला असताना झिंक दिल्याने प्रतिकारशक्ती खरंच वाढते का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बहिणीचं बाळ 12 दिवसांचं, वजन 2.1 किलो, दिवस भरायच्या आधी जन्मलेलं. सेप्सिससाठी, म्हणजे जंतू रक्तात पसरून झालेल्या गंभीर संसर्गासाठी, एनआयसीयूत (नवजात अतिदक्षता विभागात) आहे, अँटिबायोटिक चालू आहेत. रक्तात झिंक कमी निघालं म्हणून डॉक्टरांनी झिंकचे थेंब सुरू केले. याने इम्युनिटी खरंच वाढते की ही नुसती टॉनिकगिरी? आणि तुमच्या स्वतःच्या दीड महिन्याच्या धडधाकट मुलीलाही ते द्यावं का?

मी बालरोगतज्ज्ञ आहे, नवजात विभागात बऱ्याच रात्रपाळ्या काढल्या आहेत. बाळ पाहिलेलं नाही, त्यामुळे त्याच्या उपचारांवर बोलणार नाही. झिंकवर बोलता येईल.

'वाढवणे' हा शब्द आधी बाजूला ठेवू या, सगळा घोळ तिथेच होतो. जंतू रक्तात उतरले की शरीर साइटोकाइन नावाची रसायनं सोडतं. ती हाकाटी आवश्यकच असते, पण हाताबाहेर गेली की रक्तदाब पडतो, मूत्रपिंडं आणि फुप्फुसं कोलमडू लागतात. नवजात बाळाची अडचण दुहेरी असते. न्यूट्रोफिल या लढाऊ पेशींचा अस्थिमज्जेतला साठा तुटपुंजा, लवकर संपणारा. आणि जो दाह पेटतो तो आवरणारी यंत्रणाही कच्ची. अशा बाळात नुसतं 'वाढवून' भागत नाही. वाढवायचं ते एका ठिकाणी, आवरायचं ते दुसऱ्या ठिकाणी.

झिंक दोन्हीकडे हात लावतं, म्हणून त्याच्याबद्दल एवढी उत्सुकता. संसर्गाशी लढणाऱ्या टी पेशी जिथे तयार होतात त्या थायमस ग्रंथीचं थायम्युलिन हे संप्रेरक झिंकशिवाय कामच करत नाही. न्यूट्रोफिलना जंतूंच्या दिशेने धावायला आणि जंतू गिळायला झिंक लागतं. आतड्याचं अस्तर घट्ट राहायला लागतं, नाहीतर आतड्यातलेच जंतू रक्तात उतरतात. दुसरीकडे, एनएफ-कप्पा-बी नावाचा जो मुख्य खटका दाबला की साइटोकाइनचा पूर येतो, त्याला मागे ओढणाऱ्या ए-20 या प्रथिनालाही झिंकमुळे जोर मिळतो.

आता तुमच्या रिपोर्टकडे. 'रक्तात झिंक कमी' याचा सरळ अर्थ 'शरीरात झिंक कमी' असा लावू नका. शरीरातल्या एकूण झिंकपैकी रक्तद्रवात जेमतेम 0.1 टक्का असतं, बाकी सगळं पेशींच्या आत. शिवाय संसर्ग झाला की शरीर स्वतःच ते रक्तातून काढून घेतं. इंटरल्युकिन-6 या साइटोकाइनचा निरोप मिळाला की यकृत आपली दारं उघडून झिंक आत ओढतं आणि मेटॅलोथायोनिन या प्रथिनात बांधून ठेवतं. चोर शिरल्याची चाहूल लागताच कोठाराला कुलूप घालावं तसं. कारण जंतूंनाही वाढायला झिंक हवंच असतं. न्यूट्रोफिलच्या पेशीद्रवातल्या प्रथिनांपैकी निम्म्याच्या आसपास एकटं कॅल्प्रोटेक्टिन असतं, आणि त्याचं एक मोठं काम म्हणजे जंतूंच्या आसपासचं झिंक आणि मँगनीज पळवून त्यांची उपासमार करणं.

मग प्रश्न पडतोच: शरीर मुद्दाम झिंक लपवत असेल तर आपण बाहेरून ओतून जंतूंनाच खाऊ घालतोय का? विद्यार्थी असताना हा प्रश्न मी एका सरांना विचारला होता आणि 'परीक्षेला हे येत नाही' असं उत्तर मिळालं होतं. उत्तर असं आहे की बाळाच्या तिजोरीत मुळात किती होतं यावर सगळं ठरतं. पोटातल्या बाळाला आईकडून झिंकचा मोठा वाटा शेवटच्या तीन महिन्यांत मिळतो, आणि आईच्या आयजीजी अँटिबॉडीही (जंतूंपासून बचाव करणारी प्रथिनं) बहुतेक त्याच काळात येतात. तुमच्या भाच्यासारखं लवकर आलेलं बाळ दोन्हीला मुकतं. जे थोडं असतं ते संसर्ग यकृतात कोंडून ठेवतो, आणि अस्थिमज्जेला नव्या पेशी घडवायला हवं तेव्हा हात रिकामा. अशा बाळाला झिंक देण्यामागचा तर्क मला पटतो. दिवस भरलेल्या, चांगल्या वजनाच्या बाळाच्या बाबतीत तोच तर्क बराच पातळ होतो.

तर्क पटला म्हणून औषध लागू पडतंच असं नाही, म्हणून प्रत्यक्ष अभ्यासांकडे जाऊ. सगळ्यात जास्त उल्लेख होतो तो दिल्लीतल्या तीन रुग्णालयांत झालेल्या चाचणीचा, 2012 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या. 7 ते 120 दिवसांची, गंभीर जिवाणू संसर्गाचा दाट संशय असलेली 700 बाळं घेतली होती. सगळ्यांना अँटिबायोटिक होतेच. निम्म्यांना त्यासोबत रोज 10 मिलिग्रॅम झिंक, उरलेल्यांना तसंच दिसणारं बिनऔषधी मिश्रण. उपचार फसण्याचं प्रमाण झिंकच्या गटात 10 टक्के, दुसऱ्या गटात 17 टक्के. म्हणजे साधारण 15 बाळांना झिंक दिलं तर एका बाळाचा उपचार फसणं टळलं. 'फसणं' म्हणजे काय, हेही सांगायला हवं: सात दिवसांत अँटिबायोटिक बदलावे लागणं, अतिदक्षतेची गरज पडणं, किंवा 21 दिवसांच्या आत मृत्यू. मृत्यू वेगळे मोजले तर झिंकच्या गटात ते कमी होते, पण फरक इतका मोठा नव्हता की योगायोग नाही असं छातीठोक म्हणावं. आणि वय पाहा, चार महिन्यांपर्यंतची बाळं त्यात होती. ती काही सगळी नवजात, म्हणजे 28 दिवसांच्या आतली, नव्हेत.

नेपाळमधल्या धरानला फक्त नवजात बाळं घेऊन चाचणी झाली, 2013 मध्ये प्रसिद्ध झाली. सहाशेहून जास्त बाळं, दर किलो वजनामागे रोज 1 मिलिग्रॅम. मृत्यूच्या प्रमाणात फरक पडला नाही. पुदुच्चेरीच्या जिपमेर या वैद्यकीय संस्थेतल्या डॉक्टरांनी नवजात बाळांना दर किलोमागे 3 मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, असे 10 दिवस दिले. म्हणजे धरानच्या सहापट. आता या तिन्ही चाचण्या एका तागडीत कशा तोलणार? वय वेगळं, डोस वेगळा, बाळांची आधीची परिस्थिती वेगळी. 'झिंकने सेप्सिस बरा होतो' म्हणणारा आणि 'झिंक निरुपयोगी' म्हणणारा, दोघंही यातला आपल्याला हवा तो कागद उचलून दाखवू शकतात.

माझं मत: सेप्सिसमध्ये जीव वाचवतात ते वेळेवर सुरू झालेले योग्य अँटिबायोटिक, ऊब, श्वासाला आधार, रक्तदाब आणि साखर सांभाळणं, आणि आईचं दूध. झिंक जोडीला आलं तर येऊ द्या. ते त्या रांगेत पुढे घुसवू नका. एनआयसीयूत ते कोणी देत असेल तर काही भलतं चाललंय असं समजू नका, आणि देत नसेल तर हलगर्जी समजून भांडू नका. तुमच्या बहिणीला विचारायचंच असेल तर कल्चरचा (रक्तात कोणता जंतू आहे ते शोधणाऱ्या तपासणीचा) रिपोर्ट काय आला आणि जंतूवर चालू अँटिबायोटिक लागू आहे का, हे आधी विचारायला सांगा.

मुलीचं उत्तर सोपं आहे: देऊ नका. झिंकचं जे नाव झालंय ते जुलाबामुळे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 2004 मध्ये जुलाबात 10 ते 14 दिवस झिंक द्यायला सांगितलं, सहा महिन्यांखालच्यांना 10 आणि मोठ्या मुलांना 20 मिलिग्रॅम. तो आजाराचा उपचार होता, निरोगी बाळाची पुष्टी नव्हे. दिवस भरून जन्मलेल्या बाळाला पहिल्या महिन्यांत लागणारं झिंक आईच्या दुधातून मिळतं; चिकात तर ते भरपूर असतं आणि सहज शोषलं जातं. उलट जास्त झिंक बरेच दिवस दिलं तर आतड्यात तांब्याचं शोषण अडतं. तांबं कमी पडलं की रक्तक्षय होतो आणि न्यूट्रोफिल घटतात. ज्या पेशी वाढाव्यात म्हणून थेंब पाजले त्याच कमी झाल्या, म्हणजे करायला गेलो एक.

मुलीच्या बाबतीत लक्ष ठेवायचं ते वेगळ्याच गोष्टींवर. दूध ओढेनाशी झाली, मिनिटाला 60 किंवा जास्त श्वास, छाती आत ओढली जाणं, ताप 38 अंशांवर किंवा अंग 35.5 च्या खाली गार, झटके, हलवल्याशिवाय हातपाय न हलवणं. यातलं एक जरी दिसलं तरी घरात काही पाजत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

भाचा घरी येताना झिंकची बाटली सोबत दिली तर एक सांभाळा. शिकाऊ असताना मी एकदा डोस लिहिताना 'झिंक सल्फेट' (झिंकचा क्षार) आणि 'एलिमेंटल झिंक' (त्यातलं प्रत्यक्ष झिंक) यांची गल्लत केली होती; परिचारिकेने रात्री दोन वाजता फोन करून मला जागं केलं म्हणून निभावलं. झिंक सल्फेटच्या नेहमीच्या क्षारात प्रत्यक्ष झिंक जेमतेम 23 टक्के असतं, म्हणजे 10 मिलिग्रॅम झिंकसाठी क्षार 44 मिलिग्रॅम. बाटलीवर यातला कोणताही आकडा छापलेला असू शकतो, आणि ब्रँड बदलला की एका मिलीतलं प्रमाणही बदलतं. म्हणून 'तेवढेच थेंब' असा हिशेब नको. डिस्चार्ज कार्डावर किती मिली, दिवसातून किती वेळा आणि कोणत्या तारखेला बंद, हे तिन्ही लिहून घ्या. तिसरं बहुतेकदा लिहायचं राहून जातं.