पुण्याहून तीन दिवस गाडीने जायचंय, डोंगर आणि मोठा तलाव हवा. सोबत आई-वडील आणि लहान मुलगा. १५ ऑगस्टच्या सुट्टीत जावं की २ ऑक्टोबरच्या, आणि कुठे?

भंडारदऱ्याला जा. आणि दोन्ही सुट्ट्या मिळण्यासारख्या असतील तर २ ऑक्टोबरचीच धरा.

ऑगस्टमध्ये तिथे धबधबे जोरात असतात हे खरं. पण तुम्हाला डोंगर बघायचे आहेत आणि ऑगस्टमध्ये डोंगर ढगांत असतात. तलावापलीकडच्या घाटघर गावात इतका पाऊस पडतो की त्याला नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याची चेरापुंजी म्हणतात. त्या दिवसांत तिथल्या कोकणकड्यावर उभं राहिलं तर समोर नुसतं पांढरं दिसतं. त्यात स्वातंत्र्यदिनाची गर्दी आणि धरणाजवळच्या शेंडी गावाचा अरुंद रस्ता. म्हातारी माणसं गाडीत दोन-दोन तास अडकून पडतात. ऑक्टोबरच्या सुरुवातीला पाऊस ओसरलेला असतो, धरण काठोकाठ असतं, ओढे अजून वाहत असतात, उतारांवर सोनकी पिवळीधमक फुललेली असते आणि खाचरांत भात निसवलेला असतो. मुख्य म्हणजे कळसूबाईपासून रतनगडापर्यंतची सगळी रांग स्वच्छ दिसते.

मी हे जरा आपलेपणाने सांगतोय त्याला कारण आहे. आमचं शेत श्रीरामपूरकडे, प्रवरा नदीच्या कालव्यावर. भंडारदऱ्याचं आवर्तन, म्हणजे शेतीसाठी पाळीने सोडायचं पाणी, सुटलं की नाही यावर आमच्या घरातलं वर्ष ठरायचं. १९१० मध्ये काम सुरू झालेलं हे दगडी धरण १९२६ मध्ये पुरं झालं. उद्घाटन केलं तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी, म्हणून ते विल्सन डॅम. इथलं पाणी नदीतून खाली ओझरच्या बंधाऱ्यापर्यंत येतं आणि तिथून डाव्या-उजव्या कालव्यांनी संगमनेर, राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या रानात जातं. पर्यटक ज्याला लेक म्हणतात त्याच्याकडे आम्ही लहानपणापासून वर्षभराची पुंजी म्हणून बघत आलो.

आता रस्ता. पहाटे पाचला निघा, चाकण जागं व्हायच्या आत ते मागे पडलं पाहिजे. नारायणगाव, आळेफाटा, चंदनापुरी घाट, संगमनेर, मग डावीकडे अकोले आणि राजूर. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. कोतूळवरून जवळचा रस्ता आहे, पण जाताना आई-वडिलांच्या कमरेचा विचार करा आणि संगमनेरवरूनच जा. अकोल्यात प्रवरेकाठी अगस्ती ऋषींचं देवस्थान आहे, तिथे त्यांना पाय मोकळे करू द्या. राजूरला पेढे घ्या. राजूरचे पेढे आमच्याकडे सोयरिकीतही चालतात. पेट्रोल आणि रोख पैसेही तिथेच बघून घ्या, पुढे भरवसा नाही.

राजूर सोडल्यावर शेंडीच्या आधी रंधा धबधबा लागतो. तो पूर्णपणे धरणाच्या मर्जीवर असतो. वरून पाणी सोडलेलं असेल तर कडा दणाणतो, नसेल तर बारीक धार. भिंतीखालचा छत्रीसारखा पडणारा अंब्रेला फॉलही तसाच. त्यामुळे धबधब्यासाठी म्हणून जाऊ नका, असला तर तो वरचा नफा. रंध्याला कठडा ओलांडून फोटो काढणारे दिसतील. मुलाचा हात सोडू नका. जवळच घोरपडा देवीचं मंदिर आहे. पहिला दिवस इथेच संपवा आणि शेंडीत किंवा मुरशेतच्या बाजूला पाण्याकाठी मुक्कामाला जा. दोन्ही रात्री एकाच ठिकाणी राहा. मुक्काम बदलण्यात अर्धा दिवस जातो आणि वडीलधाऱ्यांची झोप मोडते.

दुसरा दिवस पूर्ण तलावाच्या प्रदक्षिणेला द्या. बहुतेक लोक हीच गोष्ट दोन तासांत उरकतात आणि म्हणतात, तिथे काही नव्हतं. सगळा फेरा पंचेचाळीसेक किलोमीटरचा आहे. माझं ठाम मत आहे की तो शेंडीतून निघून तलाव उजव्या हाताला ठेवून करावा: आधी मुतखेल, रतनवाडी, मग साम्रद, घाटघर आणि परतताना उडदावणे, पांजरे, मुरशेत. सकाळचं ऊन पाठीशी असतं, त्यामुळे पाण्यापलीकडची कळसूबाईची रांग उजळलेली दिसते, आणि घाटघरला तुम्ही दुपार कलल्यावर पोचता, जेव्हा खाली कोकणात तिरपं ऊन पडलेलं असतं.

रतनवाडीत अमृतेश्वराचं मंदिर आहे. शिलाहार काळातलं मानतात. शिखर भूमिज पद्धतीचं, म्हणजे मुख्य शिखराच्या अंगावर छोट्या शिखरांच्या ओळीच्या ओळी वर चढत गेलेल्या. खांब, छत, बाहेरच्या भिंती, सगळीकडे कोरीव काम इतकं दाट आहे की मूर्तिकलेची आवड असली तर तासभर पुरत नाही. पावसाळ्यात गाभाऱ्यात पाणी भरतं आणि पिंड पाण्याखाली जाते. ऑक्टोबरमध्येही थोडं पाणी असू शकतं. शेजारच्या पुष्करणीच्या भिंतींत देवकोष्ठं, म्हणजे मूर्तींसाठीचे कोनाडे आहेत, तेही बघा. गाडी मंदिराजवळ जाते, तेव्हा आईंना काहीच त्रास नाही. मागे उभा आहे तो रतनगड. प्रवरेचा उगम त्याच डोंगरात. गडाच्या माथ्यावर कड्याला आरपार भोक आहे, त्याला नेढं म्हणतात. मुलाला खालूनच दाखवा. गड चढायचा हट्ट या वेळी नको.

साम्रदला सांदण या अरुंद, खोल दरीची पाटी दिसेल. तिथे पाणी असतं, मोठमोठ्या शिळा उतराव्या लागतात. तुमच्या मंडळींसाठी ती जागा नाही. पण जेवण साम्रदला किंवा रतनवाडीलाच गावातल्या घरी सांगा. सकाळी जाताना सांगून ठेवलं की दुपारी नागलीची (नाचणीची) भाकरी, पिठलं, ठेचा आणि भात मिळतो. इकडचा काळभात हा जुना गावठी वाण आहे, मिळाला तर आवर्जून खा. ही गावं प्रामुख्याने महादेव कोळी समाजाची. भात, नागली, वरई आणि जंगलातला हिरडा यांवर चालणारी. कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, ज्यांना देशी बियाण्यांच्या कामासाठी पद्मश्री मिळाली, त्या याच अकोले तालुक्यातल्या. या घरांत जेवलात तर तुमचे पैसे तिथेच राहतात, म्हणून सोबत डबा नेऊ नका असं मी सगळ्यांना सांगतो.

घाटघरला दोन गोष्टी बघायच्या. एक कोकणकडा, जिथे सह्याद्री एकदम संपतो आणि खाली शहापूर तालुक्यातली गावं दिसतात. दुसरी मुलाला नक्की आवडेल: वर एक धरण, कड्याखाली चोंढे इथे दुसरं, आणि मधे डोंगराच्या पोटात वीजघर. विजेची मागणी असते तेव्हा वरचं पाणी खाली सोडून वीज करतात आणि मागणी कमी असते तेव्हा तेच पाणी पंपाने पुन्हा वर चढवतात. क्षमता २५० मेगावॉट. वरची भिंत भारतातल्या रोलर-कॉम्पॅक्टेड, म्हणजे रोलरने दाबून बसवलेल्या काँक्रीटच्या पहिल्या धरणांपैकी आहे. वीजघरात जाता येत नाही, पण कड्यावर उभं राहून हे समजावून सांगता येतं. परतीच्या वाटेवर अलंग, मदन, कुलंग हे किल्ले डावीकडे राहतात. अंधार पडायच्या आत मुरशेत गाठा. रस्त्याला दिवे नाहीत, गुरं मधेच बसलेली असतात आणि फोनला रेंज बहुतेक ठिकाणी मिळत नाही. नकाशा आधीच उतरवून ठेवा.

हा सगळा भाग कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेश शुल्क द्यावं लागतं. मोठ्याने गाणी लावू नका, आणि कचरा गाडीतच ठेवून राजूरला आणून टाका. तेच पाणी खाली लोक पितात.

तिसऱ्या दिवशी आल्या वाटेने परतू नका. राजूरहून कोतूळ, तिथे मुळा नदी ओलांडायची, मग ब्राह्मणवाडा आणि घाट उतरून ओतूर. ओतूरहून माळशेजच्या दिशेने थोडं गेलात की पिंपळगाव जोगा धरणाचं पाणी लागतं आणि त्याच्यामागे हरिश्चंद्रगड दिसतो, दक्षिणेकडून. मला विचाराल तर भंडारदऱ्याइतकंच देखणं पाणी, आणि थांबणारे फार कमी. खिरेश्वरला नागेश्वराचं जुनं मंदिर आहे, वेळ असेल तर तेही होईल. पावसानंतर कोतूळ-ब्राह्मणवाडा रस्त्याची अवस्था दरवर्षी वेगळी असते, राजूरला कुणा जीपवाल्याला विचारूनच वळा. त्याने नको म्हटलं तर संगमनेरवरून या. आळेफाट्याला दुपारी चारच्या आत पोचलात तर चाकणची संध्याकाळची गर्दी चुकेल.

कळसूबाई राहिली. १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वात उंच शिखर, बारी गावातून वाट आहे आणि कड्याला लोखंडी शिड्या. मुलगा दहा-बारा वर्षांचा झाला की फक्त तेवढ्यासाठी या, थंडीत. मुक्कामाचं विचाराल तर खोली किमान महिनाभर आधी धरा, २ ऑक्टोबरला शेंडीत ऐनवेळी जागा मिळत नाही.